पानिपत आपण १४ जानेवारीला नाही, बागपतला हरलो

जानेवारी आला की पानिपतावरून आपल्याकडे ठरलेली तीन भांडणं सुरू होतात. होळकर आधीच का निघून गेले, बायका नि यात्रेकरू बरोबर नेलेच कशाला, आणि मराठ्यांचे सेनापती भाऊ हत्तीवरून का उतरले. मीपण कितीतरी वर्षं हेच वाद तावातावाने घातलेत. पण हल्ली वाटतं की आपण चुकीच्या तारखेवर भांडतोय राव. १४ जानेवारी १७६१ ला नुसता निकाल लागला, पेपर आपण ऑक्टोबरमध्येच कोरा देऊन आलो होतो.

आधी एक सांगतो, नाहीतर लगेच तुटून पडाल. सदाशिवरावभाऊ काही ऐरेगैरे सेनापती नव्हते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला गुडघ्यावर आणलं, ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला यमुनेकाठचा कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. कुंजपुऱ्यात तर अफगाण बादशहा अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं आणि बुराडी घाटावर दत्ताजी शिंद्यांचं डोकं कापणारा कुतुबशाहही तिथेच सापडला, त्याचा हिशोब चुकता झाला. म्हणजे छावणीत मूड काय असेल विचार करा. दसरा तिथेच झाला, पुढे कुरुक्षेत्राला जायचं चाललं होतं.

आणि इकडे खाली, दिल्लीच्या उत्तरेला यमुनेकाठच्या बागपतला? यमुना फुगलेली, अब्दाली पलीकडे अडकलेला, त्यामुळे आपल्या लोकांनी धरूनच चाललं की पाणी उतरेपर्यंत हा काही येत नाही. त्याने २५ ऑक्टोबरच्या सुमारास उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, शोधून सरळ सैन्य पाण्यात घातलं, माणसं वाहून गेली, तरी दोन-तीन दिवसांत लष्कर अलीकडच्या तीरावर. मोबाईलवर मॅप उघडून बघा, कुंजपुरा ते बागपत सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर आहे फक्त. अर्धं सैन्य या काठावर, अर्धं त्या काठावर, घोडे भिजलेले, माणसं थंडीने कुडकुडतायत, शत्रू यापेक्षा लुळा कधी सापडणार होता! उतारांवर हजार-दोन हजार स्वार पहाऱ्याला असते तरी चित्र वेगळं असतं. मराठ्यांची हेरगिरी, ज्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, ती नेमकी तिथे झोपली.

यानंतर जे झालं ते बुद्धिबळात उलट्या बाजूने बसल्यासारखं होतं. अब्दालीच्या पाठीशी दिल्ली आणि भाऊंच्या पाठीशी काबूलचा रस्ता! रसद येणार दक्षिणेकडून आणि दक्षिणेच्या वाटेवर तो बसलेला. त्याला त्याच्या बाजूच्या रोहिला सरदार नजीबाकडून रोहिलखंडातून धान्य येतंय, आपल्याला रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. नोव्हेंबरपासून अडीच महिने पानिपतच्या खंदकात लाखभर तोंडं खाणारी. बायका-यात्रेकरूंचं भांडण इथे येतं, आणि हो, सगळं जड सामान नि कुटुंबं मागे ठेवा असं होळकर नि सूरजमल जाट सांगत होते ते भाऊंनी ऐकलं नाही, ही चूकच. पण वाट मोकळी असती तर हीच चूक निभावली असती असं माझं मत आहे.

आता १४ जानेवारी. गोलाची लढाई करायचं ठरलं, म्हणजे बाहेरून तोफा नि गारदी (बंदूकवाले कवायती पायदळ), आत बाजारबुणगे आणि बायकामाणसं, नि सगळ्यांनी एकत्र चालत यमुनेकडे सरकायचं. आयडिया चांगलीच होती, पण ती कवायती पायदळाची, आणि आपलं बहुतेक सैन्य घोड्यावरचं, ज्यांना वाट बघणं माहीतच नाही. या गारद्यांचा सरदार इब्राहिमखान गारदी, ज्याच्या पगाराच्या तगाद्यावरून भाऊ चिडायचे, तो त्या सकाळी भाऊंना भेटून म्हणाला की मी वेळेवर पगार मागायचो ते का, हे आज दाखवतो, असं लढाई डोळ्यांनी बघितलेल्या काशिराज पंडिताने लिहून ठेवलंय. आणि दाखवलंनही! संगिनी लावून रोहिल्यांची फळी त्याने अक्षरशः फाडली. पण त्याच्याच बाजूचे विंचूरकर नि गायकवाड यांचे घोडेस्वार उतावीळपणे पुढे घुसले, गोल फुटला आणि रोहिल्यांच्या बंदुकांनी त्यांना भाजून काढलं. घोडदळाला पायदळाशी जुळवून चालायची सवय लावायला वेळ लागतो, तो उदगीर ते पानिपत या अकरा महिन्यांत मिळालाच नाही बहुतेक.

दुसरं म्हणजे राखीव फौज. अब्दालीने छावणीत पळून आलेल्यांना सोटे मारून परत मैदानात हाकललं, वर ताज्या तुकड्या आणि उंटांवरच्या हलक्या तोफा (सुतरनाळा) दुपारी मध्यभागावर सोडल्या. आपल्याकडे सगळे सकाळपासून उपाशीपोटी लढतायत आणि मागून पाठवायला कोणी शिल्लकच नाही. आपल्या जड तोफा एकदा मांडल्या की हलत नाहीत, त्याची उंटं कुठेही फिरतात.

मग पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव यांना गोळी लागली. अठरा वर्षांचा पोरगा. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी बघून सैन्याला वाटलं भाऊही गेले. युद्धशास्त्राच्या पुस्तकात ही चूक लिहा खुशाल, मला मात्र त्या क्षणासाठी त्यांना दोष देणं जमत नाही. दोष द्यायचाच तर बागपतच्या उतारावर पहारा का नव्हता यासाठी देईन.

होळकरांचं काय म्हणाल, तर त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहितो, तिथे या भांडायला.