चाळीस बाय साठ

महालक्ष्म्यांच्या पंगतीला म्हणून मी फोनवरून सतरंजी मागवली. ३९९ रुपये. चित्रात तिच्यावर पाच माणसांचं कुटुंब बसून हसत होतं.

आमचं गाव दारव्ह्यापासून आतल्या रस्त्याला. पार्सलवाला पोरगा रस्ता खराब म्हणून गल्लीत शिरत नाही. "काका, दुकानात ठेवलं," म्हणाला आणि फोन बंद. गावात दुकान एकच. ज्या शेठकडची नऊशेची सतरंजी टाळून मी हा उद्योग केला होता, त्यांच्याच गल्ल्याशेजारी माझ्या नावाचं पाकीट!

चोरासारखा गेलो, तर पायरीवर आबा. आबांना तिथं काही विकत घेताना मी कधी पाहिलेलं नाही, पण दुकानाला कुलूप लागेपर्यंत ते हलत नाहीत.

"गुर्जी, काय मांगवलं?"

"काही नाही, असंच."

"असंच बी पाकिटात येते काय आता?" मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी चंचीतला अडकित्ता काढून पाकीट उभं चिरलंसुद्धा. सतरंजी निघाली. मला वाटलं, घडी आहे. आबांनी ती झटकली आणि एकाच झटक्यात ती संपली.

शेठ काही बोलले नाहीत. खुंटीवरचा लोखंडी मीटर काढला, कापडाला लावतात तसा लावला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "चाळीस बाय साठ. सेंटिमीटर."

मी इंच धरून चाललो होतो.

"मांजरासाठी होये काय?" आबांनी कळवळ्यानं विचारलं.

विषय बदलावा म्हणून मी मास्तरकी काढली. "शेठ, हे जगभर असंच आहे. अमेरिकेत सिअर्स नावाचं दुकान होतं. जाडजूड कॅटलॉग छापायचे, खेड्यातला शेतकरी त्यात बघून पत्रानं माल मागवायचा. १९०८ पासून तर घरंसुद्धा विकली. लाकूड, खिळे, नकाशा, सगळं रेल्वेनं यायचं. तेच दुकान २०१८ साली दिवाळखोरीत गेलं."

'दिवाळखोरी' ऐकताच शेठनी गल्ल्याचं कुलूप चाचपलं. आबा मात्र घरापाशीच अडकले.

"घर? रेल्वेनं?"

"हो."

"आपल्या शकुंतला गाडीनं आनलं असतं त दरवाजा आज्यानं लावला असता, खिडकी नातवानं." थोडा वेळ थांबले. "अन् ते घर बी असंच लहान निघालं त?"

दुकानभर हशा. मीही हसलो, पण दात ओठ खातच.

कारण शेठही काही संत नाहीत. तिसऱ्यानंतर चौथा तागा काढायला सांगितला की असा चेहरा करतात, जणू आपण त्यांची जमीन मागितली. फाडलेलं कापड परत नाही. पण माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्या याच दुकानातून आल्या, कापूस विकल्यावर पैसे, या बोलीवर. फोनला सांगून बघा, कापूस विकल्यावर देतो म्हणून. गावातल्या लग्नांचे बस्ते इथं फाडले जायचे, गादीवर बसून, चहा घेत घेत. आता अर्ध्या फळ्या रिकाम्या. लोक येतात ते नाडा, सुतळी आणि मयताचं सामान घ्यायला. ते तेवढं अजून कोणी 'चार दिवसांत घरपोच'वर ठेवत नाही. शेठचा नातूसुद्धा बूट फोनवरून मागवतो, आणि मी मात्र चोर!

परत करावी म्हटलं, तर पाकीट जसंच्या तसं हवं. ते आबांनी चिरलेलं.

शेवटी शेठचीच सतरंजी घेतली. नऊशेची आता साडेनऊशे झाली होती. भाव करायला तोंड नव्हतं. "लिहून ठेवा," म्हटलं, तर त्यांनी नुसती मान वर करून 'आज रोख, उद्या उधार' या पाटीकडे पाहिलं.

माझी ३९९ ची सतरंजी आता पायरीवर असते. आबा तिच्यावर मांडी घालून बसतात आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगतात. मी दिसलो की मोठ्यानं म्हणतात, "या गुर्जी, तुमच्याच सतरंजीवर टेका."

सरकत मात्र नाहीत. सरकायला जागाच नाही.