पाकीट नको, आधी ब्लोअर चालू करा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. तुमच्याकडेही आला असेल. ‘जपान्यांना प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडलाय. नदीत सोडला की महिनाभरात प्लास्टिकही फस्त आणि पाण्यात उतरलेली त्याची विषारी रसायनंही. कंपन्यांनी ही बातमी दाबून ठेवलीय.’ लगेच एकाने विचारलं, आपल्या एसटीपीसाठी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी) असल्या जीवाणूंच्या कल्चरचं पाकीट मागवायचं का?

जीवाणू सापडला, हे खरं. साकाई शहरात बाटल्यांच्या रीसायकलिंग केंद्राजवळच्या नमुन्यांतून तो मिळाला, म्हणून नाव इडिओनेला साकाइएन्सिस. पण बातमी दाबली कुठे? मार्च २०१६ मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. याला दाबणं म्हणायचं, तर लाउडस्पीकरवरून बोललेल्यालाही कानगोष्ट म्हणावं लागेल.

‘महिनाभरात फस्त.’ काय फस्त? २ सेंटीमीटर लांब, दीड रुंद अशी पेटची (बाटल्या ज्याच्या बनतात त्या प्लास्टिकची) पातळ फिल्म, वजन ६० मिलिग्रॅम. तिलाही सहा आठवडे लागले, तेही ३० अंशांवर आणि यीस्टचा अर्क व जीवनसत्त्वं पाजून. शिवाय ती फिल्म सैल रचनेची होती. बाटलीतलं पेट ताणून घट्ट झालेलं असतं, तिथे या जीवाणूचा दात सहज लागत नाही. पिशव्यांचं तर नावच नको. या जीवाणूचं एन्झाइम, म्हणजे प्लास्टिक तोडणारं प्रथिन, रेणूतल्या ज्या जोडावर चालतं तो एस्टर बंध त्यांच्या पॉलिथिनमध्ये नसतोच. फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने २०२० मध्ये १० तासांत ९० टक्के पेट तोडून दाखवलं, पण एन्झाइम वेगळं होतं (पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेलं आणि मग सुधारलेलं), पेट आधी दळून घेतलेलं होतं आणि रिॲक्टर ७२ अंशांवर होता. अशी नदी कुणी पाहिली असेल तर सांगा.

मेसेजमधली खरी गफलत पुढे आहे. प्लास्टिक आणि प्लास्टिकमधली रसायनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या स्कूटरची रेक्झिनची सीट आठवा. नवी असताना मऊ, काही वर्षांनी कडक होऊन तडकते. रेक्झिनवर पीव्हीसी या प्लास्टिकचा थर असतो, आणि त्याला मऊपणा देणारं थॅलेट त्यात नुसतं मिसळलेलं असतं, बांधलेलं नसतं. ते हळूहळू बाहेर पडतं, आणि सीट तडकण्यामागे ऊन असतं तसं हेही असतं. हे थॅलेट आणि बिसफेनॉल-ए (काही कडक प्लास्टिकमधलं रसायन) खाणारे जीवाणू जपानहून आणायची गरज नाही. ऱ्होडोकॉकस, गॉर्डोनिया, स्फिंगोमोनास ही मंडळी माती-पाण्यात आधीच आहेत. नदीच्या पाण्यात हवा खेळती असेल तर बिसफेनॉल-ए काही दिवसांत तुटतं. हवा नसेल तर जवळपास तसंच पडून राहतं.

थॅलेटच्या कुटुंबातलं डीईएचपी आणखी अवघड. ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि गाळाला चिकटतं. तळाच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो, तिथे काम फार रेंगाळतं. आणि अर्धवट काम नुसत्या रेंगाळण्यापेक्षा वाईट. डीईएचपीची एक बाजू तुटली की एमईएचपी उरतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत वृषणांना इजा करतं ते मुख्यतः हेच. म्हणजे ‘डीईएचपी गायब’ असा रिपोर्ट आला म्हणून पाणी निर्धोक झालं असं नाही. पुढच्या पायऱ्या चढून थॅलिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाणारी जीवाणूंची टोळी लागते. तिला हवा लागते आणि वेळ लागतो.

आता पाकीट. बाहेरून टाकलेल्या जीवाणूंना तिथे आधीच बस्तान बसवलेल्यांशी झगडावं लागतं, आणि बऱ्याचदा ते टिकत नाहीत. आमच्या एसटीपीच्या एरेशन टँकमध्ये (हवा सोडायच्या टाकीत) जीवाणूंची कमतरता नाही, तो तपकिरी गाळ म्हणजे जीवाणूच. वीजबिल वाचावं म्हणून कमिटी रात्री ११ ते सकाळी ६ टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवते आणि पहाटे टाकीतून सडक्या अंड्यांचा वास येतो, हे मी दोनदा लिहून दिलंय. पाकिटाचा विषय मात्र येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे. गाळ बागेत खत म्हणून टाकायचा ठराव तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्या गाळाला काय चिकटलेलं असू शकतं ते वर लिहिलंच आहे.