सगळ्याच डोकेदुखीला अंधारी खोली नको

‘डोकेदुखी कोणतीही असो, अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहा’ हे तुमच्या डोकेदुखीवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. मायग्रेनला ते लागू पडतं, क्लस्टर डोकेदुखीला, म्हणजे ठरावीक वेळी एकाच बाजूला येणाऱ्या तीव्र झटक्यांना, नाही. माझ्या थोरल्या भावाला ती आहे. झटका आला की तो पडून राहूच शकत नाही. रात्री दोनच्या सुमारास उठतो, बाल्कनीत येरझाऱ्या घालतो, कपाळ भिंतीला टेकवतो. दुखतं एकाच बाजूला, त्याच डोळ्यातून पाणी आणि त्याच नाकपुडीतून शेंबूड. पाऊण तासाने थांबतं आणि पहाटे पुन्हा. आम्ही फोंड्याला राहतो. चार वर्षं सायनस म्हणून औषधं झाली, एक चांगली दाढही काढून झाली. न्यूरोलॉजिस्टने मात्र वेळा आणि डोळ्याचं पाणी ऐकूनच ओळखलं. तेव्हा झटक्यांची वेळ वहीत लिहून ठेवाच, आम्हाला तीच उपयोगी पडली.

झटक्यावरचा उपाय म्हणून ऑक्सिजनचा तर लेखात उल्लेखच नाही! पिशवीवाला घट्ट मास्क लावून मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन, १५-२० मिनिटं, बसून. भावाला बहुतेक वेळा तेवढ्याने उतार पडतो. कोविडनंतर अनेक घरांत पडून असलेलं मिनिटाला ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) यासाठी पुरत नाही, सिलिंडरच लागतो. तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणा, आणि जवळपास विडी-सिगारेट, समई काही पेटतं नको.