दोन क्लच, एक जॅम

ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक गाडी घ्यायची असेल, तर टेस्ट ड्राइव्ह चढावरच्या ट्रॅफिक जॅममध्ये घ्यावी. शोरूमवाले ही सोय देत नाहीत. ते तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेतात आणि म्हणतात, "दाबा, दाबा, बिनधास्त दाबा." तुम्ही दाबता. दुसरा, तिसरा, चौथा गिअर कधी पडला ते कळतही नाही. गचका नाही, इंजिनाचा सूर तुटत नाही. मग माणूस दाखवतील तिथे सही करतो. मीही केली.

आत असतो तो मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त दोन मॅन्युअल एकाच डब्यात कोंबलेले. एक, तीन, पाच हे विषम गिअर एका क्लचवर, तर दोन, चार, सहा हे सम गिअर दुसऱ्यावर. दोघांचे शाफ्टही एकात एक, बाहेरचा पोकळ आणि आतला त्यातून गेलेला. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. बदलाची वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो.

थोडक्यात, हा गिअरबॉक्स सतत पुढचा विचार करतो. आपलं वाक्य संपायच्या आत पुढचा शब्द पुरवणारी माणसं असतात ना, तसा. बहुतेक वेळा त्याचा शब्द बरोबर असतो. पण त्याने चौथा काढून ठेवलाय आणि आपण ओव्हरटेकसाठी पाय खोल दाबला, की साहेब आधी चौथा सोडणार, मग दुसरा शोधणार. तेवढ्यात समोरचा ट्रक जवळ येतो आणि शेजारच्या सीटवरून "अहो!" ऐकू येतं.

जॅममध्ये तर पुढचं असं काही नसतंच. आठ फूट पुढे जायचं आणि थांबायचं. गाडी जरा सरकली की याला आशा वाटते, हा दुसरा टाकतो. समोरचे ब्रेकलाइट लागले की पुन्हा पहिला. सरकली, दुसरा. थांबली, पहिला. चालणाऱ्या माणसाहून कमी वेगात क्लच पूर्ण पकडूच शकत नाही, तो घासत राहतो. मॅन्युअलवाला हाफ क्लचवर रांगत असतो तेच हे, फक्त पाय आपला नाही. आपला पाय असता तर गुडघ्याने तक्रार केली असती. इथे तक्रार स्क्रीनवर येते, आणि तीही क्लच तापल्यावर.

पुलाच्या चढावर एकदा ती आली. आधी गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरू लागली, मग जळकट वास, आणि मग पिवळ्या दिव्याखाली सूचना: 'गिअरबॉक्स गरम झाला आहे. गाडी थांबवा.' थांबवा म्हणे! अर्धा तास दुसरं काय चाललं होतं?

यात बिचाऱ्या गिअरबॉक्सचा तरी काय दोष? त्याच्या खानदानात जॅम कुणी पाहिलाच नव्हता. १९३९ मध्ये ही कल्पना मांडणारा फ्रेंच इंजिनिअर आडोल्फ केग्रेस. हा गृहस्थ आधी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा आणि बर्फात चालतील असे पट्टे त्यांना बसवायचा. पुढे त्याच्या पट्ट्यांच्या सिट्रोएन गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा पार केला. बर्फ आणि वाळवंट! दोन्हीकडे पुढची गाडी दिसली तर माणूस आनंदाने हात हलवेल. त्याचा ड्युअल क्लच तेव्हा कागदाच्या फारसा पुढे गेला नाही. १९८० च्या दशकात तो पोर्शच्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत बसला, म्हणजे पुन्हा मोकळा ट्रॅक. कारखान्यातून सरसकट विकल्या जाणाऱ्या गाडीत तो प्रथम आला २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ मध्ये. तिथून त्याची घसरगुंडी सुरू झाली, ती थेट माझ्यापर्यंत. त्यातही तेलात बुडालेले क्लच जरा सोसतात. तेल उष्णता वाहून नेतं. माझे कोरडे आहेत.

सासऱ्यांकडे जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने दुसरा फिरतो. घासायला मधे काही नाहीच, त्यामुळे ती दिवसभर रांगली तरी चिडत नाही. फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने हे यंत्र मुळात जहाजांसाठी काढलं होतं. चालही तशीच आहे, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती आधी हो म्हणते आणि मग सवडीने निघते. पेट्रोलही जरा जास्त पिते. मी या गोष्टीला हसायचो. हल्ली हसत नाही.

मेव्हणा मॅन्युअलचा कट्टर. "दाजी, गाडी तुम्ही चालवता की ती तुम्हाला फिरवते?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. जॅममध्ये मात्र तो डावा पाय चोळत असतो आणि त्याला ड्रायव्हिंगचा आनंद म्हणतो.

मेकॅनिकने मला उपाय सांगितला. ब्रेक नीट दाबून ठेवायचा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. अर्धवट दाबायचा नाही. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही. आणि मुख्य म्हणजे, समोर चांगली जागा मोकळी होऊ द्यायची आणि मगच एका दमात पुढे जायचं. सल्ला शंभर टक्के बरोबर. मी जागा मोकळी होऊ देतो. मागचा हॉर्न वाजवतो. मी ऐकत नाही. जागा चांगली गाडीभर होते, मी ब्रेक सोडतो, आणि तेवढ्यात डावीकडून दोन मोटारसायकली आणि उजवीकडून एका गाडीचं नाक आत शिरतं. पुन्हा आठ फूट.

परवा मेव्हणा शेजारी आणि सासरे मागे बसले होते. सासरे बराच वेळ गप्प होते.

"जावईबापू, हिला दोन क्लच आहेत म्हणालात ना?"

"हो बाबा."

"मग आत्ता कुठला तापलाय?"

"पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चाललंय. दोन्ही तापलेत."

"अरेरे," ते म्हणाले. "तिसराही बसवून घ्यायचा होता."

मेव्हण्याने खिडकीची काच वर केली आणि तोंड फिरवून हसून घेतलं.