तळ्यात-मळ्यात प्रेमाची जोपासना

वाचकहो, जी व्यक्ती एका रात्री दोन वाजेपर्यंत आपल्याशी आयुष्यभराच्या गोष्टी बोलते आणि पुढचा आठवडाभर आपल्या निरोपांखाली निळ्या खुणांपलीकडे काहीही उमटू देत नाही, तिला कोणत्याही परिस्थितीत हातची जाऊ देऊ नये. सांगितलेल्या वेळी फोन करणारी आणि रागावल्यास रागाचे कारणही सांगणारी माणसे जगात मिळतात. परंतु त्यांच्या सहवासात छातीत धडधडत नाही, आणि जिथे धडधड नाही तिथे प्रेम असल्याचे मान्य करणे आपल्याला शोभत नाही.

या साधनेला शास्त्राचा आधार आहे, ही अभिमानाची बाब होय. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली आपले कबुतरांवरील प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले. कितव्या टोचणीला दाणा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर जवळजवळ न थांबता टोचत राहते, आणि दाणा कायमचा बंद झाल्यावरही बराच काळ आशा सोडत नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंतील स्लॉट मशीनही याच तत्त्वावर माणसाला खुर्चीत बसवून ठेवते. मात्र तेथे खिसा रिकामा झाला की उठावे लागते, आपल्या साधनेत तशी अडचण नाही.

त्याहून दिलासा देणारा प्रयोग व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ४७ विद्यार्थिनींवर झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. काही पुरुषांनी फेसबुकवर तुमची माहिती पाहिली आहे, असे त्यांना सांगण्यात आले. काहींना आपण त्या पुरुषांना फार आवडल्याचे कळले, काहींना बेताच्याच आवडल्याचे, तर उरलेल्यांना यांपैकी नेमके काय ते कळू दिले नाही. या उरलेल्या विद्यार्थिनींनाच ते पुरुष सर्वाधिक आकर्षक वाटले, आणि त्यांच्या मनात त्या पुरुषांचे विचारही अधिक घोळत राहिले. विशेष म्हणजे ते पुरुष मुळात अस्तित्वातच नव्हते. तेव्हा आपल्या प्रिय व्यक्तीचे नुसते अस्तित्व असणे हीदेखील आपण कृपाच समजावी.

डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९८१ साली मारहाणीच्या नात्यांविषयी लिहिताना, एकाच्या हाती असलेली सत्ता आणि छळामध्ये अधूनमधून मिळणारी माया यांनीच बंध घट्ट होतो, असे मांडले होते. ते वाचू नये. एकाग्रता भंगते.

त्याऐवजी त्या व्यक्तीच्या बालपणाचा अभ्यास करावा. तिच्या प्रत्येक मौनामागे एखादी जुनी जखम शोधून काढावी. ती व्यक्ती इतरांना मात्र वेळेवर उत्तरे देते, या तपशिलाकडे दुर्लक्ष करावे. मैत्रिणींना स्क्रीनशॉट पाठवून मत विचारावे आणि मनाजोगे मत मिळेपर्यंत मैत्रिणी बदलत राहावे.

एक धोका मात्र खरा आहे. क्वचित ती व्यक्ती सुधारते, रोज आपणहून चौकशी करू लागते, आणि पंधरवड्याच्या आत आपल्याला तिच्यात पूर्वीसारखे काही वाटेनासे होते. अशी लक्षणे दिसताच निरोप वाचून घ्यावा आणि दोन दिवस आपणच उत्तर देऊ नये.