प्रतिक्रियेला उत्तर : आवाज नाही म्हणून टॅपेट बरोबर, असं होत नाही

नमस्कार,

कास्ट आयर्न बुलेटचे (बिडाच्या सिलेंडरचं जुनं इंजिन असलेली रॉयल एनफिल्ड) टॅपेट, म्हणजे पुशरॉड ढकलून व्हॉल्व्ह उघडणारे इंजिनातले भाग, दर 3000 किमीला तपासावेत, असं मी लेखात म्हटलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : "आवाज आला तरच टॅपेट करायचे, एरवी हात लावायचा नाही. 3000चं खूळ म्हणजे मेकॅनिकची धन. लेखकाने कधी पाना धरलाय का?"

मतभेद असू द्या, पण शेवटचं वाक्य कशासाठी? याच इंजिनांवर काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. समोरच्याची माहिती नसताना त्याची लायकी काढायची, ही कुठली रीत? मुद्दा खरा असेल तर तो साध्या भाषेतही मांडता येतो.

एक गोष्ट मान्य. यूसीई इंजिनाला (नंतरच्या बुलेटचं इंजिन) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट असतात, तिथे हे सेटिंग करावं लागत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. लेखाच्या शीर्षकातच 'कास्ट आयर्न' लिहिलंय, तरीही पुन्हा सांगतो.

आता आवाजाचं. टॅपेट सैल झाला की टिकटिक ऐकू येते, कारण टॅपेट, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह यांच्या मधली फट वाढलेली असते. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) सीट, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो ती कड, झिजते तेव्हा व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि फट कमी होत जाते. म्हणजे टॅपेट टाईट होतो, आणि टाईट टॅपेट वाजत नाही. उलट गाडी जास्तच शांत वाटते आणि मालक खूश होतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. पुरता टेकलाच नाही, तर गरम वायू व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधून निसटत राहतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी किक हलकी लागणं, थंड गाडी सुरू व्हायला त्रास देणं, गरम झाल्यावर मात्र बरी चालणं ही त्याची लक्षणं. तुम्ही आवाजाची वाट बघत बसाल आणि शेवटी हेड खोलावं लागेल.

'तपासा' आणि 'फिरवा' यातला फरकही तुम्ही पाहिला नाहीत. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा, टॉप गिअर टाकून मागचं चाक फिरवा आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तो) टॉपला आणा. मग टॅपेट कव्हर काढून दोन बोटांनी पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी) फिरवून बघा. फिरत नसेल तर बहुधा चुकीच्या स्ट्रोकवर आहात, इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. पुशरॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टला केसभर जास्त मोकळीक चालते. एवढं बरोबर असेल तर कव्हर लावा आणि गाडी काढा. पाना लावायचाच नाही, मग मेकॅनिकची धन कुठून आली?

सेटिंग लागलंच, तर खालचा टॅपेट एका पान्याने धरा, लॉकनट सैल करा आणि वरचा ॲडजस्टर फिरवा. लॉकनट आवळल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघाच, कारण आवळताना सेटिंग हलतं. बरेच जण इथेच फसतात. कव्हरचा नटही जोर लावून आवळू नका. पत्रा वाकतो आणि ऑइल गळायला लागतं.

गरम इंजिनवर हे काम कधीच करू नये. बुलेटचा सिलेंडर तापून वाढतो, त्याबरोबर हेड आणि रॉकर (पुशरॉडच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणारा भाग) वर जातात, पुशरॉड मात्र त्या मानाने कमी तापतो. त्यामुळे गरम इंजिनात फट वाढते. तेव्हा शून्य धरून सेट केलं, तर थंड झाल्यावर व्हॉल्व्ह उघडाच राहील.



उद्या सकाळी किक मारण्याआधी तुमच्याच गाडीचं कव्हर काढा, एक्झॉस्टचा पुशरॉड फिरवून बघा आणि काय आढळलं ते इथे लिहा. फक्त या वेळी भाषा जपून.