आवलीच्या कौतुकाबद्दल: ‘जुना रसिक’ यांना उत्तर

‘जुना रसिक’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनो,

‘संगीत देवबाभळी’ या नाटकातल्या शुभांगी सदावर्ते यांच्या आवलीवर, म्हणजे तुकोबांच्या बायकोच्या भूमिकेवर, मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया त्याच रात्री वाचली होती. उत्तर मुद्दाम उशिरा देतेय. तेव्हाच दिलं असतं तर आत्ता आहे एवढंही सभ्य झालं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. हे परीक्षण नसून आरती आहे. दोघींच्या नाटकात मानसी जोशींची रखुमाई मी एका वाक्यात उरकली. मागच्या रांगांत शब्द कळत नव्हते, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. आणि कळसाचं वाक्य: ‘ताई, या वयाच्या मुलीला डोक्यावर चढवू नका, अजून दहा वर्षं गळा घासू द्या, मग लिहा.’

आवाजाचं तुमचं बरोबर आहे. मीही मागेच बसले होते आणि शेजारच्या आजी दर दोन मिनिटांनी ‘काय म्हणाली गं?’ विचारत होत्या. दौऱ्यावरच्या नाटकाला दर गावात नवं नाट्यगृह, नवा ध्वनिक्षेपक आणि नवी डोकेदुखी. त्याची नोंद व्हायला हवी, ती इथे झाली.

आता ते ‘ताई’. ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच शब्दाला कान पिळायचा, ही रीत मला पाठ आहे. हेच वाक्य तुम्ही एखाद्या पुरुष समीक्षकाला ‘दादा’ म्हणून ऐकवलं असतं का? ‘आरती’ हा शब्दही तुम्ही मजेत वापरलेला नाही. मला नाटक कळत नाही, फक्त हात जोडता येतात, असं तुम्हाला म्हणायचं होतं. मग सरळ म्हणायचं.

माझे वडील हौशी संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. तालमी आमच्याच माजघरात व्हायच्या. ‘सौभद्र’ची पदं मला बाराखडीच्या आधी येत होती. पुढे राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी विंगेत प्रॉम्प्टिंग केलं, साड्यांना इस्त्र्या केल्या, ऐनवेळी तबलजी आला नाही म्हणून ठेकाही धरला. बसलेला गळा आणि बसवलेला गळा यांतला फरक मला जवळून माहीत आहे. तुमची रसिकता किती जुनी ते मला ठाऊक नाही, पण माझी कालची नाही.

आणि दहा वर्षं थांबायचं म्हणता? गायकनट भाऊराव कोल्हटकर 1882 मध्ये ‘सौभद्र’त सुभद्रा म्हणून उभे राहिले तेव्हा विशीचेही नव्हते. नारायण राजहंस 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे. मिरजेला शकुंतला केली आणि भाऊरावांच्या मागे खचलेली कंपनी पुन्हा उभी राहिली. त्याआधीच, पोरवयातलं गाणं ऐकून टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं असं सांगतात. टिळकांनीही दहा वर्षं थांबायला हवं होतं, नाही का? पुण्यात संभाजी उद्यानाशेजारी 1968 पासून जे रंगमंदिर उभं आहे, त्याचं नाव म्हणजे एका पोराला मिळालेली दाद आहे. तिकीट काढून तुम्ही तिथेच जाऊन बसत असाल. केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, तेव्हा त्यांना अठरावं सरलं नव्हतं. मास्टर दीनानाथांचंही तेच: जन्म 1900 चा, बळवंत संगीत मंडळी 1918 ची. ही मंडळी गावोगाव फिरत होती, गळा रस्त्यातच तयार होत होता आणि लोक त्याच रात्री दाद देत होते. पिकेपर्यंत कुणी आढीत घालून ठेवलं नव्हतं.

सदावर्ते यांच्याबद्दल मी लिहिलं ते त्या तरुण आहेत म्हणून नाही. पायात काटा रुतलेली बाई विठोबाला शिव्या घालताघालता सुरात शिरते, आणि ती गायला कुठे लागली तो सांधा दिसत नाही. हे मी पाहिलं, म्हणून लिहिलं. राग बोलण्यात ठेवायचा आणि ओढ गाण्यात, अशी सोपी वाटणी त्या करत नाहीत. त्यांचा राग गाण्यातही चालू राहतो. पदाआधी क्षणभर थांबून ‘आता मी गाणार’ असा पवित्रा घेणारे कसलेले गायकनट मी पुष्कळ पाहिलेत. दहा वर्षंच काय, तीस वर्षं गळा घासूनही त्यांची ती सवय सुटलेली नाही.

रखुमाईवर एकच वाक्य का, तर लेख आवलीवर होता. शीर्षकात तसं लिहिलं होतं. प्राजक्त देशमुखांनी ही दोन पात्रं एकमेकींना टेकवून लिहिलीत, एक काढली तर दुसरी उभी राहत नाही, वगैरे तुम्ही म्हणता ते मला माहीत आहे. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. मी ती ठेवली आहे. पुढच्या वेळी प्रयोग कुठल्या गावी पाहिलात तेवढं लिहा. आणि ‘ताई’ नको.